चार ओरखडे

४ जानेवारी

दादा,

पत्राच्या वर काय लिहायचं यातच अर्धा तास गेला. 'तीर्थरूप' लिहिलं आणि खोडलं. इतक्या वर्षांनी तो शब्द माझ्या हातून आला तर तुला हसू येईल, आणि तुझं ते ओठाच्या एका कोपऱ्यातलं हसू मला अजून झेपत नाही. म्हणून नुसतं दादा.

फोन का केला नाही म्हणशील. एक तर तू उचलत नाहीस. आणि उचललास तरी फोनवर माझी जीभ किती सैल सुटते ते तुला ठाऊक आहे. समोरच्याला श्वास घेऊ न देता मी त्याला त्याचीच गाडी विकू शकतो. कागदावर मात्र मी अडखळतो. तुझ्याशी बोलताना अडखळलेलं बरं.

बातमी अशी की मी गाडी घेतली. चारचाकी नव्हे. त्या तीन झाल्या, आणि तिन्हींपैकी एकीचाही आवाज मला आठवत नाही. टू-स्ट्रोक घेतली. अडीचशे सीसी, एक सिलिंडर, दोन सायलेन्सर, किक आणि गिअर एकाच दांडीवर. गडद लाल टाकी. डावा गुडघा टेकतो तिथलं रबर झिजून साबणाच्या वडीसारखं झालंय, उजवं मात्र कोरं करकरीत. टाकीच्या झाकणाला आतून ती तेल मोजायची वाटी अजून आहे. आपल्या जुन्या दुकानाच्या शटरखालून अशा किती आल्या आणि गेल्या, पण त्या लोकांच्या होत्या. ही माझी.

पहिल्या किकला उठली नाही. तिसऱ्याला शिंकली, चौथ्याला उठली. दादा, काय सांगू तुला! आधी निळा धूर, मग तो जळलेल्या तेलाचा गोडसर वास, आणि मग उभ्या-उभ्या रिकामं चालतानाचा तो ठोका. एक देणार, एक गिळणार. एक देणार, दोन गिळणार. आजकालच्या गाड्या शिवणयंत्रासारख्या चालतात, चुकत म्हणून नाहीत. ही दर क्षणाला 'आता बंद पडते' असं वाटायला लावते आणि पडत नाही. वर्कशॉपमधले कारागीर पाने टाकून बाहेर आले. एक म्हणाला, "शेठ, म्हातारीला दम लागलाय." मी म्हटलं, "गप्प बस, ती गातेय."

खरं सांगायचं तर दोघांचंही बरोबर होतं. चढाला जोर मागितला की आवाज पोकळ होतो, फुंकणीतून वारा जावा तसा. पिस्टन सैल झालाय, कडेने दाब निसटतो. सिलिंडर आतून कोरून रिबोअर करावंच लागेल, आणि मोजून पाहिलं तर ते शेवटचंच उरलंय. त्यापुढे सिलिंडरला अंग नाही. करणाऱ्याच्या हातात एकच खेळी.

काय बिघडलंय ते माझ्या कानाला कळतं. काय करायचं ते हाताला कळत नाही. ते तुझ्याकडे होतं. पिस्टन आणि सिलिंडर यांच्यातली फट तू गेज घालून मोजायचास, पण गेजवर तुझा भरवसा नसायचा. मग कोरडा पिस्टन सिलिंडरच्या तोंडावर ठेवून बोटं काढून घ्यायचास आणि तो आपल्या वजनाने खाली उतरताना बघत बसायचास. "बारक्या, झोप आलेल्या माणसाची पापणी उतरते तसा उतरला पाहिजे," म्हणायचास. मला तेव्हा ते नाटक वाटायचं. आता माझ्याकडे अठरा कारागीर आहेत आणि एकालाही पापणी माहीत नाही.

तू यावंस. चारच दिवस. खोली तयार आहे, घरातलं सरकारही राजी आहे.

गाडी कुणाकडून घेतली ते विचारू नकोस. कागद स्वच्छ आहेत.

बारक्या


२३ जानेवारी

दादा,

वहिनींचा फोन आला होता.

"वाचलं का त्यानं?" मी विचारलं.

"वाचलं. घडी घालून चष्म्याच्या डबीखाली ठेवलंय."

"काही म्हणाला?"

"म्हणाले, गाडी कुणाची ते विचार."

म्हणजे तू ओळखलीस. मीही काय शहाणा, रबराचं वर्णन लिहून बसलो. एकच गुडघा टेकून गाडी चालवणारा माणूस आपल्याला एकच ठाऊक होता.

होय, ड्रॉइंगच्या सरांची. ज्यांनी तुला आपल्या दुकानासमोर भर बाजारात उभं करून बोल लावला त्यांचीच. उजवा हात गळ्यात बांधलेला, आणि डाव्या हाताचं बोट तुझ्याकडे. "ज्या हातानं हे इंजिन बांधलं त्या हातात पुन्हा पाना देऊ नका!" असं म्हणाले होते. तू काही बोलला नाहीस. मीही नाही.

मी मुद्दाम शोधत गेलो नव्हतो. सुट्या भागांचा एक विक्रेता म्हणाला, एक म्हातारे मास्तर जुनी टू-स्ट्रोक काढतायत, पण गिऱ्हाइकाला पारखून घेतात, दोघांना हाकलून दिलं. पत्ता ऐकला आणि पाय निघाले. का निघाले ते नीट सांगता येत नाही. गाडी हवी होती हे खरं. पण तेवढंच असतं तर मी माणूस पाठवला असता.

तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. भिंतींवर चित्र एकही नाही, फक्त खिळे. सरांनी दार उघडलं आणि चष्मा वर करून माझ्याकडे बघितलं.

"नाव सांगू नकोस. धाकटा ना तू? कानाचा?"

"हो सर."

"मग ये आत. बाकीचे टाकीवर टिचक्या मारून बघतात. तू ऐकशील तरी."

खाली जिन्याजवळ गाडी पांघरुणात होती. मी किक मारल्या, ऐकलं. सर कठड्याला धरून उभे. मी मान हलवली तेव्हा म्हणाले, "माझ्याहून बरी आहे ना? मला विकायची नाहीये रे, द्यायची आहे. व्यापारी तिला घासून-पुसून हॉटेलच्या दारात उभी करतील, आणि लोक फोटो काढतील. चालवणार असशील तर ने."

किमतीचं बोलणं दोन वाक्यांत आटोपलं. मी घासाघीस करायला तोंड उघडलं तर त्यांनी माझ्याच आकड्याच्या खालचा आकडा सांगितला. मी चाट पडलो.

"असं बघू नकोस," म्हणाले. "थोरल्यानं मारलेली गाडी तू जिवंत केली होतीस. त्यानंतर एकदाही दगा दिला नाही तिनं. हात तुझा."

मी चहा प्यायलो.

त्यांचं उजवं मनगट अजून वाकडं आहे. कप डाव्या हातानेच धरतात. टेबलावर पेन्सिली, ब्रश, काहीबाही पडलेलं. मी तिकडे फारसं बघितलं नाही.

दादा, झालं ते झालं. सव्वीस वर्षं म्हणजे काही थोडी नव्हेत. हजार इंजिनं बांधणाऱ्या माणसाचा हात एकदा चुकला असेल. फट केसभर कमी राहिली, गाडी जाम झाली, सर पडले. तू शटरच्या बाहेरून विचारलंस, मी आतून सांगितलं, विषय तिथे संपला. आता तरी तो मनातून काढून टाक. सरही विसरले असतील. चहा पाजला त्यांनी मला.

येशील ना?

बारक्या


११ फेब्रुवारी

दादा,

कार्ड मिळालं. तुझं अक्षर तसंच आहे, पावतीवर लिहावं तसं, एका रेषेत.

"इंजिन मी उघडत नाही. त्या दिवसापासून उघडलेलं नाही. माझ्या हाताने एका चित्रकाराचा हात मोडला. सिलिंडर शेवटचा आहे, चांगल्या माणसाकडे दे."

हे कार्ड मी दुकानात काउंटरवर उभ्याने वाचलं आणि मग आत जाऊन बसलो. कारागिराने विचारलं, "शेठ, बरं वाटत नाही का?" मी म्हटलं, "पित्त झालंय." बघ, तोंडातून पहिलं निघतं ते खोटंच.

तुझ्याबद्दल मी काय समजत होतो ते सांगतो. तू रागावून गेलास. तिकडे वजनकाट्यावर ट्रकांची वजनं लिहितोस ती वरवरची नोकरी, घरामागे कुठेतरी पत्र्याच्या शेडमध्ये एखादं इंजिन सुटं करून बसत असशीलच. हात असा बसतो थोडाच, असं मी स्वतःला सांगायचो. हेही पुन्हा खोटंच. वहिनींना एकदा विचारलं असतं तर कळलं असतं. मी कधी विचारलं नाही. कान एवढे तिखट, पण जे ऐकायचं नव्हतं तिथे मी ते नीट झाकून ठेवले.

आता लिहितो. मध्ये थांबलो तर पुन्हा लिहिणार नाही, म्हणून सरळ लिहितो.

तुझी फट कमी नव्हती.

तू बेअरिंगं आणायला शेजारच्या गावी गेला होतास. सरांची गाडी तयार होती, संध्याकाळी ते न्यायला येणार होते. जाताना तू बजावलंस, "बारक्या, नवं रिबोअर आहे. पाचशे किलोमीटर तिचे लाड करायचेत. हात लावू नकोस." टाकीत तू तेल कालवलेलं लिटरभर पेट्रोल ठेवलं होतंस, सरांना घरी पोचण्यापुरतं.

तू वळणाआड गेलास आणि मी गाडी काढली. कुणाला दाखवायची नव्हती. तुला वाटेल, बावीस वर्षांचा होता, कुठेतरी मुलगी असणार. मुलगी नव्हती. तू बांधलेलं नवं इंजिन पूर्ण वेगात कसं बोलतं ते मला ऐकायचं होतं. तू दुकानात कधी वेग देऊच द्यायचा नाहीस. नदीपलीकडच्या पंपावर टाकी भरली. पंपावरचा माणूस ओळखीचा, आमच्या गप्पा रंगलेल्या. त्याने तेलाचं मापटं पुढे केलं आणि विचारलं, "टाकू?" मी बोलता बोलता हात हलवला. "टाकलंय, टाकलंय," म्हटलं. टाकलेलं नव्हतं. चारचाकीचा ड्रायव्हर ही चूक करूच शकत नाही, त्याला कालवायचंच नसतं. मी टू-स्ट्रोकच्या दुकानात वाढलो, म्हणून करू शकलो. तुझं ते लिटरभर कालवलेलं पेट्रोल नव्या टाकीभर पेट्रोलात वरणात पडलेल्या मिठाच्या खड्याएवढं.

वीस किलोमीटर गाडी अशी बोलली दादा, की आजही अंगावर काटा येतो. आणि मग घाटाच्या चढावर तिच्या आवाजात एक बारीक टिंगटिंग आली. काचेच्या पेल्यावर नखाने वाजवावं तशी. ती मला ऐकू आली. हे नीट वाच. मला ऐकू आली आणि ती कशाची ते कळलं. माथा दोनशे पावलांवर होता. मी म्हटलं, तेवढं चढून जाऊ. मी मूठ सोडली नाही.

मागचं चाक जागच्या जागी थिजलं. घसरत गेलो, गुडघा सोलवटला, बाकी काही नाही. अर्धा तास झाडाखाली बसलो. इंजिन थंड झालं, किक हलली. रस्त्यावरच्या दुकानातून तेल घेऊन टाकीत ओतलं आणि बैलगाडीच्या चालीने परत आणली. पुसून जागेवर उभी केली. तू आलास, सर आले, गाडी घेऊन गेले. तू त्यांना म्हणालास, "सर, लाड करा तिचे." मी बाजूला उभा होतो.

चौथ्या दिवशी ती सरांखाली जाम झाली.

ते बाजारातलं ओरडणं तुला माझ्यापेक्षा जास्त आठवत असेल. सर म्हणाले, इंजिन धाकट्यानेच उघडायचं, थोरला आत येणार नाही. आणि तू खरंच आला नाहीस, आपल्याच दुकानात. अर्धं शटर ओढलेलं, तू बाहेर पायरीवर. मी सिलिंडर वर उचलला आणि पिस्टन बघितला. सगळीकडून, वरपासून खालपर्यंत ओरबाडलेला. धातू वितळून लिंपला गेलेला. फट कमी असेल तर पिस्टन ठरावीक चार जागी घासतो, चारच ओरखडे उमटतात, मधला भाग स्वच्छ राहतो. हे तूच मला शिकवलं होतंस. तेलाविना चाललेला पिस्टन सगळीकडून जातो. बघणाऱ्याला शंका उरत नाही.

शटरखालून मला तुझ्या चपला दिसत होत्या. तू विचारलंस, "बारक्या, चार ठिकाणी आहेत का रे ओरखडे?"

मी म्हणालो, "हो दादा. चार ठिकाणी."

चपला थोडा वेळ तशाच होत्या. मग नव्हत्या.

जुना पार्ट गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा, हा आपल्या दुकानाचा नियम तुझाच. नवा घातला की जुना दाखवायचा, म्हणजे लोकांचा विश्वास राहतो. मी त्या नियमाच्या आड लपलो. तू पुन्हा आत यायच्या आधी पिस्टन फडक्यात गुंडाळून सरांच्या घरी पोचता केला. नवा पिस्टन घातला, तू मोजून ठेवलेल्याच फटीने, तुझ्याच वहीतला आकडा बघून. तो सव्वीस वर्षं चालला. सर ज्या हाताचं कौतुक करतात तो हात हा असा.

पंधरा दिवसांनी तू किल्ल्या काउंटरवर ठेवल्यास. "तू सांभाळ," म्हणालास. मी सांभाळलं. चांगलंच सांभाळलं, आता तीन दुकानं आहेत.

आणखी एक. मागच्या पत्रात सरांच्या टेबलावर 'काहीबाही' लिहिलं. ते काहीबाही म्हणजे तो पिस्टन. सर त्यात पेन्सिली ठेवतात. पाहुणा म्हणून बसलो होतो त्या खुर्चीपासून हातभर अंतरावर होता. पहिलं पत्र मी तो बघून आल्यावर लिहिलंय. ते आता पुन्हा वाच आणि मी काय माणूस आहे ते ठरव.

बारक्या


२ मार्च

दादा,

तुझं उत्तर नाही. वहिनींचा फोनही नाही. तो यावा म्हणून लिहीत नाहीये, काय केलं ते तुला कळलं पाहिजे म्हणून लिहितोय.

सरांकडे गेलो. जाताना काय बोलायचं ते जिन्यावर तीनदा घोकलं होतं. दार उघडल्यावर ते सगळं बाजूला राहिलं. मी टेबलाकडे बोट केलं आणि म्हणालो, "सर, तो पिस्टन दादानं नाही मारला. मी मारला." मग बाकीचं सांगितलं. तुला लिहिलं तसंच, पंपापासून शटरपर्यंत.

त्यांनी मध्ये एकदाही थांबवलं नाही. मग डाव्या हाताने पेन्सिली एकेक करून बाहेर काढल्या, ओळीने मांडल्या, पिस्टन उजेडात धरला.

"सगळीकडूनच ओरबाडलेला आहे," म्हणाले. "मी हा सव्वीस वर्षं रोज बघतोय. मुलांना मी आयुष्यभर काय शिकवलं? बघायला शिकवलं. आणि मी समजत होतो, मोडलं की असंच दिसत असणार."

मी म्हणालो, "सर, मला माफ..."

"थांब. ती माझ्याकडे मागू नकोस. माझा हात गेला तो गेला, तो तुझ्या हिशेबात घाल. पण मी त्याला जे बोललो ते मीच बोललो. ते तू माझ्या तोंडात घातलं नव्हतंस."

"गाडी परत आणून देऊ?"

"गाडीनं काय केलंय?"

निघताना त्यांनी तुझा पत्ता मागितला. मी सांगू लागलो तर कागद पुढे केला. "लिहून दे. तुझ्या तोंडी सांगण्यावर मी आता जाणार नाही." ते हसत नव्हते, पण मला त्यातून थोडं बरं वाटलं. का ते कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी जुन्या दुकानासमोर गेलो. त्या वेळचे तिघंच उरलेत. मोटारींची वायर गुंडाळणारा, समोरचा शिंपी आणि टायरवाला. तिघांना शिंप्याच्या दुकानात बसवलं आणि सांगितलं. टायरवाला पान चघळत ऐकत होता. शिंपी टेप गळ्यात घालून म्हणाला, "शेठ, आता कशाला उकरताय? आम्ही तर कधीच विसरलो. तुमचे थोरले बंधू गेले ते बदलीच्या नोकरीसाठी ना?"

दादा, ज्यांच्या नजरेला नजर देता येईना म्हणून तू गाव सोडलंस, त्यांच्या लक्षातही नव्हतं. लक्षात होतं ते फक्त तुझ्या आणि माझ्या. आणि माझ्या लक्षात होतं ते मी तुझ्यापाशी कधी काढलं नाही. आई गेली त्या वेळी तू आलास, माझ्या शेजारी उभा राहिलास, माझ्या घरचं पाणीसुद्धा घेतलं नाहीस. लोक म्हणाले, थोरल्याला धाकट्याची भरभराट बघवत नाही. मी ऐकलं. तेव्हाही कान शाबूत होते.

बारक्या


१९ मार्च

दादा,

वहिनींनी सगळं सांगितलं. मी विचारलं नव्हतं, त्यांनीच आपणहून फोन केला.

सर दोन बस बदलून तुझ्या वजनकाट्यावर आले. या वयात, वाकड्या हातात कापडी पिशवी घेऊन. वहिनी तुझा डबा घेऊन आल्या होत्या म्हणून त्यांनी पाहिलं. बाहेर ट्रकांची रांग, ड्रायव्हर हॉर्न वाजवतायत, आणि हे म्हातारे गृहस्थ काट्याच्या खिडकीपाशी उभे राहून मोठ्याने म्हणतायत, "मी चार लोकांत बोललो होतो, म्हणून चार लोकांत आलोय. चूक माझी झाली. तुमची नव्हती." एका ड्रायव्हरने वहिनींना विचारलं म्हणे, "ताई, काय भानगड आहे? वजन कमी भरलं का?"

तू पिशवीतून पिस्टन काढलास. उन्हात गेलास. नख वरून खाली एकदा ओढलंस आणि मग सबंध फिरवलास.

"तेल नव्हतं," म्हणालास. एवढंच.

मग आत जाऊन उरलेल्या सगळ्या ट्रकांची वजनं लिहिलीस. सरांना खुर्ची दिलीस, डब्यातलं अर्धं त्यांना दिलंस. माझं नाव दोघांनीही काढलं नाही. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, घरी आले तेव्हा जेवले नाहीत. हात मांडीवर उताणे ठेवून बसले होते. मी म्हटलं, काय बघताय? तर म्हणाले, काही नाही."

आणि परवा सकाळी तुझा निरोप आला. वहिनींनी तुझ्याच शब्दांत सांगितला. "सिलिंडर पाठव. शेवटच्या मापाचा पिस्टन आणि रिंगा पाठव. स्वतः येऊ नकोस."

पिस्टन मिळवायला आठ दुकानं पालथी घातली. मिळाला, मूळ कंपनीच्या कागदात गुंडाळलेला, कधी कुणी न उघडलेला. लाकडी पेटी करून घेतली. सिलिंडर भुशात बसवला. मग मला राहवेना. पेटीत सिलिंडर आतून घासायचा नवा होनिंगचा संच ठेवला. तुझ्या मापाचा कामाचा डगला ठेवला. जुन्या दुकानाच्या भागीदारीचा कागद करून घेतला होता, अर्धा तुझ्या नावे, तोही ठेवला. झाकण बसेना इतकी पेटी भरली. सबंध गाडीच ट्रकवर चढवून पाठवावी असंही डोक्यात आलं, वहिनींना तसं बोललोही.

त्या म्हणाल्या, "भाऊजी, जेवढं मागितलंय तेवढंच पाठवा."

त्यांचं खरं आहे. तुला द्यायला निघालो होतो आणि पुन्हा माझाच जीव हलका करून घेत होतो. म्हणून सगळं परत काढलं. डगला, संच, कागद. आमचा कारागीर बघत होता. म्हणाला, "शेठ, पेटी आता फार मोठी झाली." मी म्हटलं, "भुसा भर."

गाडी इथे जिन्याखाली उभी आहे, सिलिंडरच्या जागी भगदाड. तू सिलिंडर पाठवशील तेव्हा बसवीन. नाही पाठवलास तर ती तशीच उभी राहील, आणि मी तुला त्याबद्दल विचारणार नाही. तू तो नुसता घरी ठेवलास, काटा-कचेरीच्या खिडकीत ठेवलास, तरी तो तुझा.

पेटी उद्या सकाळच्या ट्रकने निघते, दुपारी तुझ्या काट्यावरच उतरेल. ट्रकवाल्याला सांगितलंय, हातात देऊन यायचं, काही बोलायचं नाही. पत्रही तू मागितलेलं नाहीस, म्हणून हे पेटीत घातलेलं नाही. पोस्टाने टाकतोय. दोन-तीन दिवस मागाहून येईल. पेटी उघडशील तेव्हा आत माझा एकही शब्द नसेल. भुसा असेल, आणि तू मागितलेलं.

बारक्या